गावचं घर बंद, आपण मुंबईत : नळ, पंप, टाकी आणि सेप्टिक टँकचं काय करता?

चिऱ्याचं_घर
नमस्कार मंडळी. राहतो भांडुपला, घर संगमेश्वर तालुक्यात. गणपती, शिमगा आणि मे महिना, एवढंच काय ते घर उघडतं, आणि दरवेळी पहिला दिवस नळापाठी जातो. गणपतीच्या आठवड्यात गावातला प्लंबर मिळणं किती अवघड, ते इथल्या चाकरमान्यांना सांगायला नको. म्हणून यंदा आधीच विचारून ठेवतोय.

जुनं चिऱ्याचं कौलारू घर. मागे न्हाणी आणि संडास स्लॅबचे, त्या स्लॅबवर ५०० लिटरची टाकी. विहिरीच्या काठावर एक एचपीचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) पंप. लाइन जुनी जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपची), मधेमधे दुरुस्तीचे पीव्हीसीचे तुकडे.

आता तक्रारी. पंप लावला की नुसता गुंगुं करतो. चालू झालाच तर मे महिन्यात पाणी ओढत नाही. नळाला सुरुवातीला तांबडं पाणी येतं. न्हाणीचं दार उघडलं की वास. घरात वॉशिंग मशीन आणि शॉवरची मागणी आहे, पण नळाची धार करंगळीएवढीसुद्धा नाही. भावाचं म्हणणं, सगळं फोडून मुंबईसारखं कन्सील्ड, म्हणजे पाइप भिंतीच्या आत, करून टाकू. काय करावं?

गिरगावकर
भाऊ बरोबर बोलतोय. एकदाच खर्च, मग कटकट नाही.

पाइपपाना
भावाला नमस्कार सांगा आणि कन्सील्डचा विषय बंद करा. मी सोसायट्यांची कामं करतो, माझं पोटच कन्सील्डवर आहे, तरी सांगतो. मुंबईत भिंतीतला पाइप गळला तर खालच्या मजल्यावरचे दुसऱ्या दिवशी बेल वाजवतात. गावी खाली कोण आहे? बंद घरात एखादा जोड सुटला की टाकी रिकामी होईस्तोवर पाणी भिंतीत मुरणार, आणि तुम्हाला कळणार ते शिमग्याला, गिलावा सुटून पडल्यावर.

लाइन भिंतीबाहेरून क्लॅम्पवर घ्या. प्रत्येक फाट्याला वेगळा बॉल व्हॉल्व्ह द्या : न्हाणी, संडास, स्वयंपाकघर, पडवी. म्हणजे शेजारच्या काकांना फोन करून "लाल दांडा आडवा करा" एवढं सांगितलं तरी काम होतं. जुन्या पद्धतीचा पितळी गेट व्हॉल्व्ह घेऊ नका. महिनोन्महिने कोणी फिरवला नाही की तो जाम होतो, आणि जोर लावला की आतला स्पिंडल तुटतो.

गार पाण्याला यूपीव्हीसी चालेल, गिझर किंवा सोलरच्या गरम पाण्याला सीपीव्हीसीच हवा. दोघांचं सोल्युशन (जोड चिकटवायचं द्रव) वेगळं असतं, एकाचं दुसऱ्याला लावू नका. जोड दिल्यावर पाणी लगेच सोडायचं नाही, शक्य असेल तर एक रात्र जाऊ द्या. गावी नेमकी इथेच घाई होते, कारण घरात वीस माणसं आंघोळीला खोळंबलेली असतात. नळ बसतो तिथे पितळी आट्याचाच तुकडा वापरा, प्लास्टिकचे आटे नळ घट्ट करताना चिरतात. आणि टेफ्लॉन टेप आट्याच्याच दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना सगळी गोळा होऊन बाहेर येते.

उघड्या पाइपला एकच पथ्य, ऊन. दोन-चार उन्हाळ्यांत तो ठिसूळ होतो. पागोळीच्या आतून न्या, नाहीतर पांढरा रंग मारा.

मालवणी_मुलूख
आणि वांदर? आमच्याकडे माडावरचो वांदर थेट टाकीर उडी मारता, झाकण काढून फेकता आणि पाइपाक लोंबकळता. क्लॅम्प दोन-दोन फुटांवर मारा रे बाबांनो. टाकीचं झाकण तारेने बांधायचं, नुसतं फिरवून ठेवायचं नाही.

पाइपपाना
हा हा. हे मुंबईत बसून सुचलं नसतं. +१.

अर्धवट_इंजिनिअर
पंपाचे दोन आजार वेगळे आहेत, ते वेगळेच धरा.

गुंगुं आवाज : मेन बंद करून पंपाच्या मागचं पंख्याचं झाकण काढा आणि शाफ्ट हाताने फिरतो का पाहा. महिनोन्महिने बंद असलेल्या पंपात इंपेलर (पाणी फेकणारी चकती) आणि केसिंग (तिच्याभोवतीचं कवच) यांच्यामध्ये गंज धरतो. फिरत नसेल तर गंज सोडवणारं तेल सोडून थोडा वेळ थांबा, मग पान्याने हळूहळू मागेपुढे करा. मोकळा फिरत असेल आणि तरीही गुंगुं, तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. पंपाच्या पाटीवर किंवा जुन्या कपॅसिटरवर मायक्रोफॅरडचा आकडा असतो, तेवढ्याचाच आणा. जुना काढताना दोन्ही टोकांना एकदम बोटं लावू नका, मेन बंद असला तरी त्यात चार्ज राहतो. आणि "होईल सुरू" म्हणून गुंगुं करत ठेवू नका, वाइंडिंग जळतं.

एक तिसरं कारण फक्त गणपतीत दिसतं. वाडीतली सगळी घरं एकदम उघडतात, व्होल्टेज पडतं आणि पंप सुरूच होत नाही. तेव्हा पंपाला दोष न देता पहाटे लावून बघा.

मे महिन्यातलं दुखणं मात्र पंपाचं नाहीच. काठावरचा पंप पाणी "ओढतो" असं आपण म्हणतो, पण खरं तर हवेचा दाब पाणी वर ढकलतो. तो दाब पुस्तकात १०.३ मीटर, म्हणजे ३४ फुटांपर्यंत पाणी चढवतो. प्रत्यक्षात २२ ते २५ फूट गेले की संपलं. पावसाळ्यात विहीर तुडुंब, पाणी हाताशी, म्हणून पंप पळतो. मे महिन्यात पातळी ३० फुटांखाली गेली की एक एचपी काय, पाच एचपीचा आणला तरी काठावरून ओढणार नाही. वर किती ढकलायचं ते पंपाच्या ताकदीवर, ओढायची मर्यादा मात्र कुठल्याही पंपाला तीच. तेव्हा एकतर विहिरीत उतरता येईल अशा टप्प्यावर पंप खाली न्या, नाहीतर ओपनवेल सबमर्सिबल घ्या, जो पाण्यातच बसतो. नवीन घेणार असाल तर मी सबमर्सिबल म्हणेन. प्राइमिंगची (आधी पाणी ओतून पंप भरण्याची) झंझट नाही, फूट व्हॉल्व्हही नाही.

शेवग्याची_शेंग
फूट व्हॉल्व्हवर कोणीतरी सविस्तर लिहा ना. आमचा पंप दर खेपेला बादलीभर पाणी ओतल्याशिवाय चालू होत नाही.

अर्धवट_इंजिनिअर
सक्शन पाइपच्या, म्हणजे पंपातून विहिरीत सोडलेल्या पाइपच्या, तळाशी जाळीचा एकमार्गी व्हॉल्व्ह असतो, तो हा. त्याचं काम एवढंच की पंप थांबल्यावर पाइपातलं पाणी विहिरीत परत जाऊ नये. आत पानाचा तुकडा किंवा खडा अडकला, किंवा आतली रबरी चकती कडक झाली, की रात्रीत पाइप रिकामा. पाइप वर काढून जाळी साफ करा, चकती बदला. ते करूनही पंप पाणी धरत नसेल तर बहुतेक सक्शनच्या जोडांतून हवा आत शिरतेय. सक्शनच्या जोडांवर साबणाचा फेस लावून काही कळत नाही, कारण तिथे हवा बाहेर येत नाही, आत जाते. सरळ जोड उघडून नव्याने टेफ्लॉन लावलेलं बरं.

पंपाला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. ओल्या पायांनी, ओल्या विहिरीवर, पावसात आपण स्विच दाबतो. यात काटकसर नको.

राजापूरची_सून
वासाचं मी सांगते, कारण मुंबईहून गेल्या गेल्या तो माझ्याच वाट्याला येतो. न्हाणीच्या जाळीखाली ट्रॅप असतो, त्यात दोन-तीन इंच पाणी उभं असतं, आणि ते पाणीच गटाराच्या वासाला अडवतं. घर बंद राहिलं की ते उन्हाळ्यात आटतं. मग वास येतो, झुरळं येतात. कमोडच्या वाकातलं पाणीही तसंच आटतं. गेल्यावर प्रत्येक जाळीत दोन तांबे पाणी ओता, अर्ध्या तासात वास जातो. फिनेलची बाटली रिकामी करायची गरज नाही.

निघताना करायचं ते असं की ट्रॅप पाण्याने भरून वर दोन चमचे गोडंतेल सोडायचं. तेलाचा थर पाण्याला उडू देत नाही. आमच्याकडे सासूबाई खोबरेल घालायच्या, पण ते थंडीत थिजतं, गोडंतेल बरं. शिवाय जाळीवर पालथी वाटी आणि त्यावर दगड, उंदरांसाठी.

पाणी ओतूनही वास राहिला तर ट्रॅपच नाही किंवा फुटलाय असं समजा. जुन्या न्हाणीत सांडपाणी थेट मोरीतून परसात जायचं, नंतर कोणीतरी ते संडासाच्या लाइनला जोडलेलं असतं आणि मधे ट्रॅप घातलेलाच नसतो.

चिऱ्याचं_घर
हे आमच्याकडे तंतोतंत लागू. न्हाणीचं पाणी वडिलांनी नंतर सेप्टिक टँकला जोडलंय.

राजापूरची_सून
मग ते आधी सोडवा. सेप्टिक टँक संडासाच्या पाण्यासाठी असतो. न्हाणी आणि मोरीचं पाणी त्यात गेलं तर मैला तळाशी बसायला वेळच मिळत नाही, तो तसाच पुढे शोषखड्ड्यात जातो आणि खड्डा तुंबतो. गणपतीत तर कोकणातली जमीन पावसाने आधीच गच्च भरलेली असते, शोषखड्डा एक थेंब घेत नाही आणि घरात माणसं वीस. कमोड उलटा फिरला की सगळे प्लंबरला शोधतात, पण दोष त्या जोडणीचा असतो. न्हाणीचं पाणी माडांच्या आळ्यात सोडा, केळीला सोडा.

शोषखड्डा विहिरीपासून किमान ५०-६० फूट लांब हवा, आणि उताराच्या खालच्या अंगाला. चिऱ्याच्या कातळात भेगा असतात, त्यामुळे मी तर अजून लांब म्हणेन.

गिरगावकर
टाकी लवकर कुजावी म्हणून शेण टाकतात ना त्यात? आमच्या गावी दरवर्षी टाकतात.

राजापूरची_सून
गरज नाही. लागणारे जीवाणू मैल्यातच असतात. उलट शेणाने गाळ वाढतो. ॲसिड आणि फिनेल मात्र जपून, कारण त्याने तेच जीवाणू मरतात. एरवी दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा असं सांगतात. वर्षातले थोडेच दिवस वापरात असलेल्या घरात तो सावकाश भरतो, पण झाकण उघडून बघायला हवंच. उपसायची गाडी पाणंदीतून आत येते का, तिची नळी टाकीपर्यंत पोचते का, हे आधी मोजून ठेवा.

आणि कृपा करून कोणालाही आत उतरवू नका, "पन्नास रुपये जास्त देतो" वगैरे म्हणून तर नाहीच. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस आत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आतला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही.

पाइपपाना
ताईंना +१००. सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपच्या (वायू बाहेर सोडणाऱ्या पाइपच्या) टोकाला मच्छरजाळी बांधा, हे मी जोडतो.

शहापूरवाला
तांबड्या पाण्याबद्दल. पाइपचा गंज आणि पाण्यातलं लोह, दोन्हींचा रंग सारखाच, उपाय वेगळे. विहिरीतून दोरीने थेट पाणी काढा, स्वच्छ पांढऱ्या बादलीत भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी तांबूस गाळ बसला किंवा वर तवंग आला तर पाण्यातच लोह आहे. बादली स्वच्छ राहिली आणि नळाला मात्र पहिली पाच-दहा मिनिटं तांबडं येतं, तर जीआय सडलाय. मग फिल्टरवर पैसे घालवू नका, पाइप बदला.

लोह असेल तर साधा उपाय हवेचा आहे. टाकीत पाणी पडतं तिथे पाइपच्या टोकाला भोकं पाडून फवाऱ्यासारखं पडू द्या. हवा लागली की लोह गाळ होऊन खाली बसतं. टाकीतून घराला जाणारं तोंड तळापासून चार-सहा इंच वर ठेवा आणि गाळ काढायला तळाशी वेगळा वॉशआउट.

अवांतर : मी ज्या शहापूर तालुक्यातला, तिथल्या तानसा-वैतरणा-भातसाचं पाणी तुम्ही भांडुपला पिता, आणि आमच्या तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. नळ उघडला की पाणी येतं, असं वाटणाऱ्या मुंबईकराला विहिरीचा पंप महिनाभर सांभाळायला द्यावा असं फार वाटतं.

टाकीवरचा_कावळा
अवांतर नाही हो ते, तेच मूळ आहे. सोसायटीत वॉचमन पंप लावतो, समिती टाकी धुते, आणि आपल्याला वाटतं नळ म्हणजे भिंतीतून उगवलेली वस्तू.

अर्धवट_इंजिनिअर
प्रेशर राहिलंच. १० मीटर उंची म्हणजे साधारण एक किलो दाब (दर चौरस सेंटिमीटरला). मुंबईत सात मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर असाल तर टाकी डोक्यावर ५०-६० फूट, दीड किलोच्या वर दाब. गावी न्हाणीच्या स्लॅबवरची टाकी नळापासून सहा-सात फूट उंच, म्हणजे ०.२ किलो. यात शॉवरमधून थेंबच गळणार, आणि बऱ्याच मशीनचा पाणी घ्यायचा व्हॉल्व्ह एवढ्या दाबावर नीट चालत नाही.

टाकी वर न्या, हा पहिला उपाय. नाही जमलं तर निदान पाइप मोठा करा. टाकीतून निघणारी लाइन एक इंची, नळापाशी येईस्तोवर पाऊण आणि शेवटचा वीतभर अर्धा इंच. अर्धा इंची जीआय आतून गंजून पेन्सिलीएवढा उरलेला असतो, तो बदलला तरी निम्मी तक्रार मिटेल. आणि टाकी रिकामी होऊन परत भरल्यावर धार अचानक गेली तर ती हवा अडकलेली असते. टाकीतून लाइन निघते तिथे हवा बाहेर पडायला एक उभा व्हेंट पाइप द्या, पाण्याच्या पातळीच्या वर तोंड काढून.

मालवणी_मुलूख
जलजीवनची (सरकारी नळ योजनेची) लाइन आलीय आता वाडीत. त्याच नळाला मोटर लावली तर प्रेशर मिळेल ना? सगळे लावतात.

पाइपपाना
सगळे लावतात म्हणूनच वाडीच्या टोकाच्या घरी थेंब येत नाही. योजना माणशी रोज ५५ लिटरच्या हिशोबाने आखलेली आहे, ओढून घ्यायला नाही. शिवाय मोटर ओढते तेव्हा जमिनीतल्या प्रत्येक गळक्या जोडातून चिखलाचं पाणी आत येतं, आणि ते तुम्हीच पिता. लाइनचं पाणी आपल्या दाबाने खालच्या टाकीत पडू द्या, तिथून वर चढवा. विहिरीची लाइन आणि योजनेची लाइन एकमेकींना जोडूही नका. दोन्ही टाकीच्या वरून वेगवेगळ्या तोंडांनी सोडा.

शेवग्याची_शेंग
विहिरीत औषध किती टाकायचं? ग्रामपंचायतीचा माणूस मुठीने टाकून जातो.

शहापूरवाला
टीसीएल (ब्लीचिंग पावडर) चांगली असेल तर १००० लिटरला अडीच ग्रॅम. गोल विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर खोल असेल तर साधारण २८,००० लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत पाण्याखाली सोडा, वरखाली करा. तासभर पाणी काढू नका. मागच्या वर्षीची उघडी राहिलेली पुडी वापरू नका, दमट हवेत तिचा दम जातो.

गिरगावकर
निघताना टाकी भरून ठेवायची की रिकामी? आमच्याकडे दरवर्षी यावर भांडण.

राजापूरची_सून
रिकामी. भरलेल्या टाकीत डासांची पैदास, नाहीतर शेवाळ.

मालवणी_मुलूख
रिकामी टाकी वाऱ्याने उडते. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ विसरलात? रायगडात श्रीवर्धनकडे कौलं, पत्रे, टाक्या कुठल्या कुठे.

पाइपपाना
दोघांचंही खरं. पाव टाकी पाणी ठेवा वजनाला, टाकी पट्टीने स्टँडला बांधा, झाकण तारेने आवळा, ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी. मुख्य म्हणजे टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करून मग खालचे नळ उघडून लाइन रिकामी करा. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीसेक लिटर खातो. पाचशेची भरलेली टाकी महिन्याच्या आत कोरडी, आणि ते पाणी कुठल्या भिंतीत गेलं ते बघायला घरी कोणी नाही. संडासातल्या जेट स्प्रेची नळी उंदीर कुरतडतात, त्याचा अँगल कॉक वेगळा बंद करा.

फ्लश टाकी गळते का ते बघायचं असेल तर त्यात कपड्यांची नीळ टाका आणि तासभर फ्लश करू नका. कमोडमध्ये निळं उतरलं तर आतला वायसर गेलाय.

चिऱ्याचं_घर
सगळ्यांचे आभार. वाचनखूण साठवली, भावालाही पाठवली. कन्सील्ड रद्द. न्हाणीचं पाणी माडांना, जीआय काढून नवी लाइन बाहेरून. नागदेवी स्ट्रीटवरून पाइपपाना, हॅकसॉ ब्लेड, टेफ्लॉन, दोन-तीन स्पिंडल, वायसर, बॉल व्हॉल्व्ह, युनियन (पाइप न कापता खोलता येणारा जोड) आणि कपॅसिटर घेतो. गावच्या बाजारात यातलं अर्धंच मिळतं. अजून काही?

पाइपपाना
सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आणि बाइंडिंग वायर. रात्री पाइप फुटला तर सकाळपर्यंत तेवढंच कामाला येतं. एम-सील ओल्या पाइपला धरत नाही, आधी पुसून कोरडा करा. युनियन जास्त घ्या, पंपाच्या दोन्ही बाजूंना एकेक हवाच, नाहीतर पुढच्या वेळी पंप काढायला पाइप कापावा लागेल.

चिऱ्याचं_घर
गावाहून परत आलो, म्हणून अपडेट. पंप कपॅसिटर बदलल्यावर चालू झाला. पांढऱ्या बादलीची परीक्षा केली, पाणी स्वच्छ निघालं, म्हणजे दोष जीआयचाच होता. वास गेला. न्हाणीची लाइन वेगळी केली, माड खूश असावेत. धार बरीच सुधारलीय, पण मशीनला अजून पुरत नाही. आता टाकी उंच न्यायची आहे. त्याच स्लॅबवर चिऱ्याचे चार खांब रचून वर १००० लिटरची ठेवली तर चालेल का?

अर्धवट_इंजिनिअर
१००० लिटर म्हणजे एक टन, शिवाय खांबांचं वजन. न्हाणीचा स्लॅब कशावर टेकलाय ते आधी सांगा. खाली बीम आहे की नुसती चिऱ्याची भिंत?

चिऱ्याचं_घर
नुसती भिंत.

पाइपपाना
मग स्लॅबवर नको. न्हाणीला लागून जमिनीपासून वेगळा लोखंडी अँगलचा स्टँड उभा करा, पाया सिमेंट काँक्रीटचा, आणि टाकी ५०० चीच राहू दे. उंचीने दाब वाढतो, लिटरने नाही. वर सपाट पत्रा किंवा जाड फळी टाका, प्लास्टिकच्या टाकीचं बूड पूर्ण टेकलं पाहिजे. नुसत्या पट्ट्यांवर ठेवली तर दोन पावसाळ्यांत बुडाला चीर जाते. स्टँडचे पाय शिमग्याला रंगवून घ्या, पावसाआधी.